अडुसष्ट हजार चारशे तीस

आम्ही मूळचे कुडाळकडचे. बाबा परळला गिरणीत, आई गावाला, आणि मी आठ वर्षांची असताना आईने एक दिवस ठरवलं की बास झालं, नवरा तिथे नि मी इथे, हे काय चाललंय, आणि मला नि भावाला उचलून तिने एसटीत घातलं ते थेट मुंबई. तेव्हापासून मी मुंबईची. पण तोंडातली मालवणी काही गेली नाही, राग आला की ती आधी बाहेर येते, आणि राग मला लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. तुम्ही लिहून घेताय ना, तेपण लिहा. नाव सुनंदा. वय सत्तरला एक कमी.

शिक्षणाचं सोडा. एकोणिसाव्या वर्षी अंधेरीला कॉइलच्या कारखान्यात लागले. कॉइल म्हणजे काय, तर एवढंसं रीळ असतं, त्याच्यावर केसासारखी तांब्याची तार गुंडाळायची. पंख्यात ती, मिक्सरमध्ये ती, ट्यूबलाइटच्या चोकमध्ये ती. उजव्या हाताने चक्री फिरवायची, डाव्या हाताने तार धरायची आणि वेढे मोजायचे. सहाशे म्हणजे सहाशे, पाचशे नव्याण्णव चालत नाही. शंभर झाले की वाटीतला एक चिंचोका ओटीत टाकायचा, म्हणजे शेकडा चुकत नाही. आणि मधे बोलायचं नाही, हा तिथला कायदा. मला परबबाईंनी शिकवलं, त्या म्हणायच्या, बाय गो, तार हातात असताना कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, तोंड उघडलं की आकडा गेला, नुसता पाय आपटायचा, दोनदा, म्हणजे समोरच्याने समजायचं की ही मोजतेय, थांबायचं. आम्ही चाळीस बायका. एकदा महाकालीच्या डोंगरावरून माकड आलं, खिडकीतून आत, आणि चौघींचे डबे खाऊन गेलं, आणि चाळीस बायका बसल्या जागेवर पाय आपटतायत पण मान वर कोणी करत नाही. ते माकड पण विचारात पडलं असेल, की ह्या बायांना झालंय काय. अजून हसू येतं मला.

सव्वीस वर्षं केलं ते काम. मग कारखाना हलला कुठेतरी लांब, पण मालक घरी काम पाठवायचा, मी चक्री टेबलाला आवळून घरी गुंडाळायची. सवय अशी लागली की घरात पण मोजतेच. चपात्या मोजते, जिने मोजते. आणि मोजताना कोणी बोललं की पाय आपटते. आमचा प्रसाद, माझा मुलगा, लहान असताना मला म्हणायचा आई तू घोडा आहेस का गं.

आता आमच्या ह्यांचं सांगते. हे वायरमन, नाव मोहन. अंधेरीला स्टेशनजवळ एक गेम पार्लर होतं, तिथे मशीनं दुरुस्त करायचे. शांत माणूस, मी दहा शब्द बोलले की हे एक. पार्लरमध्ये टीव्हीवाले गेम होते आणि कोपऱ्यात एक जुनं मशीन होतं, पिनबॉल म्हणतात त्याला. चार पायांचं, वरून काच, आत उतरती फळी, एक लोखंडी गोळी दांडी ओढून वर सोडायची, ती खाली घरंगळताना टोप्यांवर आपटते, घंटी वाजते, मार्क पडतात, आणि खाली दोन काठ्या असतात, फ्लिपर, बाजूची बटणं दाबून त्यांनी ती परत वर उडवायची. पडली खाली की गेली. एका गेमला पाच गोळ्या. कम्प्युटर-बिम्प्युटर काही नाही आत, सगळं तारा, चाकं आणि कॉइल. पार्लर बंद झालं तेव्हा मालक यांना म्हणाला घेऊन जा, नाहीतर भंगारात चाललंय. आणि हा माणूस टेम्पो करून ते धूड दहिसरला आमच्या चाळीतल्या खोलीत घेऊन आला. दहा बाय पंधराची खोली हो! मी म्हटलं, खुळावलात की काय, आता झोपायचं कुठे, ह्याच्या पोटात? तर हसले. बोलले, अगो, बघ तरी, आत सगळ्या तुझ्याच कॉइली आहेत.

काय सांगू तुम्हाला, त्या एका वाक्यावर मी ते मशीन तीस वर्षं घरात ठेवलं. काचेवर इस्त्री केली, पापड वाळवले, प्रसादने त्याच्यावर दहावीचा अभ्यास केला. आणि रविवारी दुपारी जेवण झालं की सगळं उचलायचं, चादर काढायची, आणि हे खेळायचे. अमेरिकेतलं मशीन, त्याला आपली लाइट चालत नाही, म्हणून मधे एक डबा लावला होता, तो घूंऽऽ करायचा, मग घंट्या. मी कधी खेळले नाही. मला वेळ कुठे होता. मी भिंतीकडे तोंड करून चक्री फिरवायची, पाठीमागे यांच्या घंट्या. मला त्या ऐकून कळायचं आज कसं चाललंय.

अकरा वर्षं झाली. तो पण रविवारच. मी सहाशेची कॉइल भरत होते, चार चिंचोके ओटीत, पाचवा शेकडा चालू. मागे घंट्या नुसत्या खणखणतायत, थांबेचनात. आणि हे ओरडले, कधी न ओरडणारा माणूस, अगो, हय ये गो, बघ किती झाले! मी काय केलं? मी पाय आपटला. दोनदा. परत म्हणाले, अगो, ये ना. मी परत आपटला, जोरात. मनात म्हटलं ह्यांना काय, हे खेळतायत, माझी तार तुटली तर? इलंय, म्हणजे आले, एवढं म्हणायला काय लागलं असतं मला? एक शब्द. फार तर एक कॉइल गेली असती. मी मोजत राहिले. चारशे ऐंशी, चारशे नव्वद. घंट्या थांबल्या. मी मोजतेय. पाचवा चिंचोका टाकला. मग वास आला. वॉर्निश जळायचा वास, तो मला झोपेत पण कळतो, कॉइल जळायला लागली की येतो तो. आणि बाई, मी उठले ती त्या वासाने उठले. नवऱ्याच्या हाकेने नाही उठले, कॉइलच्या वासाने उठले.

हे काचेवर डोकं टेकून होते. बोट उजव्या बटणावर, सगळं वजन त्या बोटावर, म्हणून फ्लिपरची कॉइल तापून जळत होती. मी हात सोडवला. शेजारच्यांनी आधी प्लग खेचला, मग यांना खाली घेतलं. डॉक्टर म्हणाले हार्टचा झटका होता, तुम्ही शेजारी उभ्या असतात तरी काही करता आलं नसतं. असेल. पण शेजारी उभी असते ना! यांनी शेवटचं माझं काय ऐकलं? तर पाय आपटलेला.

वर आकडे राहिले होते. त्या मशीनमध्ये आकड्यांची चाकं असतात, लाइट गेली तरी आहेत तिथेच राहतात. अडुसष्ट हजार चारशे तीस. तेच मला दाखवायला बोलावत होते. मी त्यावर चादर घातली. कधीतरी वाटलं की वरचा कोपरा उचलायचा, बघायचं, अडुसष्ट हजार चारशे तीस, आणि परत झाकायचं. दुसरं कोणी हात लावला तर मी खवळायची. अकरा वर्षं असंच.

मग चाळीला नोटीस लागली, टॉवर होणार, खोल्या रिकाम्या करा. प्रसाद पुण्याला असतो, कंपनीत. फोनवर म्हणाला, आई, तुझ्यासाठी जागा आहे इथे, पण त्या मशीनसाठी नाही गं. त्याचं पण बरोबर आहे. आणि मला जी भाड्याची खोली मिळाली, ही, जिथे आपण बसलोय, तिच्या जिन्यातून ते धूड वळत पण नाही. भंगारवाला म्हणाला, मावशी, तोडून नेतो. मी म्हटलं शिरा पडली तुझ्या तोंडार, तुझे हात तोडीन. मग मुलुंडचा एक माणूस सापडला, त्याला असल्या जुन्या मशीनांचा नाद आहे, मोठी जागा आहे, लोक येऊन खेळतात. चांगला माणूस. पण म्हणाला, मावशी, चालू असेल तरच नेतो, मला दुरुस्ती येत नाही, आणि तुमची चाळ पाडायच्या आत सांगा. आणि जाताना बोलला, चालू झालं की एक गेम लावून दाखवा.

माझ्याजवळ होता महिना. मी अंतोनला बोलावलं. अंतोन म्हणजे ह्यांच्याबरोबर पार्लरमध्ये होता तो, बोरिवलीच्या गावठाणातला, आता पंचाहत्तरीचा, हात थरथरतात, डोळ्यात मोतीबिंदू, पण त्या मशीनची प्रत्येक वायर त्याला तोंडपाठ. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, वयनी, तू हात, मी डोकं. बघितलं सगळं. उजव्या फ्लिपरची कॉइल जळलेली, चार वायरी उंदरांनी खाल्लेल्या, ग्रीस सुकून डिंक झालेलं. म्हणाला, होईल. मग वरच्या आकड्यांकडे बोट केलं आणि म्हणाला, पण एक आहे, वयनी. नवीन गेम लावायचं बटण दाबलंस ना, की पहिलं काम हे मशीन काय करतं, तर वरचे आकडे शून्य करतं. ते अडवता येत नाही.

आता तुम्हीच सांगा मी काय करायचं होतं. चालू नाही केलं तर मशीन भंगारात, तोडून. चालू करून दाखवलं तर यांचा आकडा माझ्याच हाताने पुसायचा. प्रसादला सांगितलं तर म्हणाला, आई, फोटो काढून ठेव ना मोबाइलवर. मी म्हटलं फोटोत काय आहे मेल्या, फोटोत तुझ्या बापाचा हात आहे का? ती चाकं यांच्या हाताने फिरलेली आहेत. फोन ठेवला मी. आणि रडले. राग यायचा तो आला आणि मागून रडू आलं, माझं नेहमी असंच होतं.

पण हात काही थांबत नाहीत ना. अंतोन म्हणाला, आपण दुरुस्त तर करू, बटणाचं मग बघू, प्रत्येक कॉइल बाहेरून वायर लावून तपासता येते. म्हणून सुरुवात केली. रॉकेल कुठे मिळतंय आता, टर्पेंटाइन आणून ग्रीस खरवडलं. शंभरेक ठिकाणी पत्र्याच्या जिभा असतात, एकमेकींना चिकटल्या की करंट जातो, त्या एकेक पॉलिशपेपरने घासल्या. रबराच्या रिंगा विरघळल्या होत्या, सायकलच्या ट्यूबच्या कापून घातल्या. वरच्या आकड्यांच्या चाकांना मी हात लावला नाही, अंतोनला पण लावू दिला नाही. आतली गोळी होती, दांडीच्या पुढ्यात, गंजलेली, तीपण मी उचलली नाही, यांनी ठेवलेली म्हणून बसल्या जागेवरच तेलाच्या बोळ्याने पुसली. अंतोन रोज येईना, त्याला दोन बस बदलून यायला लागायचं, आठवड्यातून दोनदा यायचा. बाकीचे दिवस मी आणि मशीन. चाळ अर्धी रिकामी झाली होती, रोज एक बिऱ्हाड जायचं. आधी तीन घरांचे कुकर ऐकू यायचे, मग एकाचा, मग माझाच.

जळलेली कॉइल शेवटी घेतली. तिच्यावरचा कागद जळलेला, वेढे किती ते वाचता येईना. मग एकच उपाय, जुनी तार सोडवत जायची आणि मोजायची, जेवढे निघाले तेवढेच नवीन भरायचे. वाटी घेतली, चिंचोके घेतले, भिंतीकडे तोंड करून बसले, अकरा वर्षांनी. एक चिंचोका, दोन, तीन, तीनशे चाळीस झाले आणि फोन वाजला. प्रसादचा. माझा पाय उचलला गेला, आपटला पण. दोनदा. आणि तो आवाज ऐकला मी, रिकाम्या खोलीत, माझाच पाय. मी तार टाकली आणि फोन उचलला. कोणाच्या हाकेसाठी आयुष्यात पहिल्यांदा मोजणी अर्धी टाकून. म्हटलं बोल रे बाबा. तो म्हणाला काही नाही गं, असाच केला, जेवलीस का. आम्ही अर्धा तास बोललो. काहीच नाही, भाजीचं, पाण्याचं.

आणि आकडा गेला. तार खाली गुंता होऊन पडलेली, कितवा वेढा ते देवाक ठाऊक. परबबाई असत्या तर कारखान्यातून काढलंच असतं मला. मग मला आठवलं, कारखान्यात कधी शंका आली तर तार तोलायचे, वजन जुळलं की वेढे जुळले. मी सगळी जुनी तार पिशवीत घातली, स्टेशनजवळच्या सोनाराकडे गेले आणि म्हटलं हे तोला. तो म्हणाला आजी, हे तांबं आहे. मी म्हटलं मला दिसतंय ते, तू तोल. हसला, पण तोललं बिचाऱ्याने, चिठ्ठीवर लिहून दिलं. तेवढीच नवीन तार त्याच जाडीची आणून भरली, जुळली. अंतोनने बाहेरून करंट दिला तर फ्लिपर असा खट्कन उडाला की आम्ही दोघं दचकलो.

आता राहिलं बटण. मुलुंडवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. अंतोन म्हणाला, वयनी, काच लावायच्या आधी शेवटचं बघून घेऊ, आणि वाकला, डोळे बारीक केले, दांडीच्या पुढ्यात बोट घातलं आणि म्हणाला, ही गोळी तू ठेवलीस का इथे? मी म्हटलं नाही बाबा, ती पहिल्यापासून तिथेच आहे, मी हलवली पण नाही. तो म्हणाला, पहिल्यापासून म्हणजे? म्हटलं, त्या दिवसापासून. मग त्याने मला वरती डाव्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी दाखवली, आत पाचचा आकडा. आणि खुर्चीवर बसलाच तो. म्हणाला, वयनी, गेम संपला असता तर गोळी मशीनच्या पोटात गेली असती. ती बाहेर आहे. चार गोळ्या झाल्या, पाचवी शिल्लक आहे. मोहनचा गेम संपलेलाच नाही.

मी म्हटलं, म्हणजे रे काय? तो म्हणाला, पार्लरमध्ये मधेच लाइट जायची, आठवतं, आल्यावर गिऱ्हाईक तिथूनच पुढे खेळायचं, ह्या मशीनला लाइट गेलेली कळतच नाही. बटण दाबायचंच नाही. नुसता प्लग लाव.

त्याने प्लग माझ्या हातात दिला. मी लावला. डबा घूंऽऽ करायला लागला, तोच आवाज, आतले दिवे लागले, तीन गेलेले होते, बाकी लागले. आणि आकडे हलले नाहीत. अडुसष्ट हजार चारशे तीस. अंतोन म्हणाला, खेळ. मी म्हटलं मला येत नाही, तू खेळ. तो म्हणाला, वयनी, हाक तुला मारली होती.

मग मी उभी राहिले. हे उभे राहायचे तिथे, खाली लादीवर चपलांचा घासल्याचा डाग आहे, बरोबर त्याच्यावर. दांडी ओढली. आणि सोडायच्या आधी मी मोठ्याने म्हटलं, अंतोन होता तरी म्हटलं, मला कोणाची लाज, मी म्हटलं, इलंय. हय इलंय बघा.

गोळी वर गेली, टोप्यांवर आपटली, घंट्या वाजल्या. डावा फ्लिपर मी उशिरा दाबला. उजवा, जो मी भरला होता, तो वेळेवर लागला, एकदा परत वर उडवली मी तिला. मग मधून गेली. मिनिटभर पण नसेल. मशीनने एक मोठा ठोका दिला आणि गप्प झालं, गोळी पोटात गेली. वर बघितलं तर एकोणसत्तर हजार एकशे चाळीस. अंतोनने बोटांवर हिशोब केला, सातशे दहा. बाकी सगळे यांचे, सातशे दहा माझे. मी काचेवर डोकं टेकलं थोडा वेळ. अंतोन बाहेर जाऊन जिन्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी मुलुंडवाला आला, मी म्हटलं लावा तुमचा गेम. त्याने बटण दाबलं तेव्हा मी ओट्याकडे चहा टाकायला गेले. चाकं फिरायचा आवाज आला, खटाखट, शून्यावर जातानाचा. मला वाटलं होतं मला सहन होणार नाही. दूध उतू गेलं, तेवढंच.

आता इथे आहे मी, चौथ्या मजल्यावर. सगळ्यांची दारं बंद असतात, नावं पण माहीत नाहीत. संध्याकाळ मोठी वाटते. प्रसाद फोन करतो, आता रोज करतो, पहिल्या रिंगला उचलते मी. मुलुंडवाला म्हणतो या कधीतरी, पोरं खूप खेळतात. जाईन. वर गेल्यावर यांना सांगायला दुसरं काही नाही माझ्याकडे, पण इलंय म्हटलं एवढं आहे. उशिरा म्हटलं, पण म्हटलं.

मघापासून तुमचा फोन थरथरतोय पिशवीत, आणि तुम्ही लिहितच बसल्यात. कोणाचा आहे? आईचा? मग घ्या ना, बाई. माझं वाक्य अर्धं राहू दे, मी कुठे जातेय.